पाटातला गाळ कोणी काढायचा?

नाशिकमधल्या एका लहानशा वाचनालयाच्या पुस्तकांची यादी संगणकावर चढवायचं काम काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेनं अंगावर घेतलं होतं. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. दर शनिवारी दुपारी त्या यायच्या, कार्डांचा एक खण काढायच्या आणि एकेक कार्ड वाचून वाचनालयाच्या वेबसाइटवर नोंद करायच्या. इंग्रजी कळफलकावरून मराठी उमटावं, 'ळ' आणि 'ज्ञ' शोधत बसावं लागू नये आणि यादी मराठी वर्णक्रमानं लागावी, यासाठी मी एक प्लगइन लिहून दिलं होतं. प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायचा तुकडा. माझा तुकडा सगळा मिळून तीनेकशे ओळींचा होता. पैसे घेतले नव्हते, कोणी विचारलंही नव्हतं. चहा मिळायचा.

मग एका शनिवारी बाईंचा फोन आला. "अरे, ते तुझं मराठी गेलं की रे. आता नुसतं इंग्रजीच उमटतंय." झालं होतं इतकंच, की मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती, कोणीतरी समोर दिसलेलं अपडेटचं बटण दाबलं होतं, आणि माझं प्लगइन ज्या खुंटीला अडकवलेलं होतं ती खुंटीच नव्या आवृत्तीत नव्हती. मी म्हणालो, "बाई, पुढच्या आठवड्यात बघतो." तो पुढचा आठवडा उजाडायला पाच महिने लागले. तोवर बाई नोंदी वहीत लिहायला लागल्या होत्या. दुरुस्ती झाल्यावर त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "आता हे सगळं परत चढवायचं ना?" त्या रागावल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं.

हे आठवायचं कारण नादिया एघबाल यांचं 'वर्किंग इन पब्लिक' हे पुस्तक. २०२० साली स्ट्राइप प्रेसनं ते काढलं. (लेखिका आता नादिया अस्पारूहोवा या नावानं लिहितात.) ओपन सोर्स सॉफ्टवेअर कसं जन्माला येतं यावर भरपूर लिहिलं गेलंय. ते जन्मल्यावर सांभाळतं कोण, यावरची पुस्तकं थोडी, आणि त्यांतलं हे मला सगळ्यात वाचनीय वाटलं. पुस्तक चांगलं आहे. पण एका महत्त्वाच्या जागी ते चुकीच्या दिशेला बघतं असं मला वाटतं, आणि ती चूक मराठीतून बघितली की ठळक दिसते.

पुस्तक काय म्हणतं

ओपन सोर्सबद्दलची लाडकी समजूत अशी, की जगभरातले हजारो हात मिळून ते बनवतात. एघबाल यांनी गिटहबमध्ये काम केलेलं आहे. त्याआधी २०१६ साली फोर्ड फाउंडेशनसाठी 'रोड्स अँड ब्रिजेस' हा अहवालही लिहिला. त्या शांतपणे सांगतात, की बहुतेक प्रकल्पांत हजारो हात नसतात. एक माणूस असतो, फार तर दोनचार. बाकीचे येतात, एखादी किरकोळ दुरुस्ती पाठवतात आणि निघून जातात.

प्रकल्पांची त्या चार गटांत वाटणी करतात. वापरणारेही पुष्कळ आणि हात लावणारेही पुष्कळ, ते फेडरेशन. हात लावणारेच वापरणारे, तो क्लब. दोन्ही थोडे, ते खेळणं. आणि वापरणारे अफाट पण मैदानात एकटादुकटाच, ते स्टेडियम. आजच्या ओपन सोर्सची खास अडचण या चौथ्या प्रकारात आहे, असं त्यांचं म्हणणं. कोडची प्रत काढायला काही पडत नाही. लाख लोकांनी वापरलं म्हणून ते झिजत नाही. पण लाख लोकांतल्या हजारांनी प्रश्न विचारले, की उत्तर देणाऱ्याचा दिवस संपतो. म्हणजे टंचाई कोडची नाही, सांभाळणाऱ्याच्या लक्षाची आहे. इथे त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा आधार घेतात. सामायिक कुरणं, जंगलं आणि पाणी लोक नियम करून टिकवतात, हे दाखवणाऱ्या ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एघबाल म्हणतात, कोडला कुरण समजू नका. कुरण आहे ते सांभाळणाऱ्याचं लक्ष, आणि ते अतिचराईनं उजाड होतंय.

हे वाचताना मी दोनतीनदा पुस्तक मिटून ठेवलं. "पुढच्या आठवड्यात बघतो" असं मी का म्हणालो, ते कोणीतरी माझ्यापेक्षा नीट सांगत होतं.

पूर आणि दुष्काळ

पण मग मी आपल्याकडचे प्रकल्प त्या चार खणांत ठेवायला गेलो, तर ते बसेनात.

'गमभन' घ्या. ओंकार जोशी यांनी केलेली ही टंकनसुविधा २००० नंतरच्या दशकात मराठी संकेतस्थळांवर आणि ब्लॉगांवर सर्रास दिसायची. तो काळ आठवा. विंडोज एक्सपीत मराठी हवं तर सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची, की संगणक मूळ सीडी मागायचा, आणि ती सीडी नेमकी कोणाकडेच नसायची. सायबर कॅफेत तर प्रश्नच नव्हता. तिथे ब्राउझरच्या चौकटीत उच्चारानुसार रोमन अक्षरं टंकली की देवनागरी उमटायची. आज पन्नाशीत असलेल्या कित्येकांनी आपलं पहिलं मराठी वाक्य इंटरनेटवर असंच लिहिलं. ते वर्डप्रेस, द्रुपल अशा निरनिराळ्या सॉफ्टवेअरांना जोडायची सोय होती. म्हणजेच त्यातल्या प्रत्येकाची नवी आवृत्ती आली की जोडणी पुन्हा तपासायची. किंवा शंतनू ओक यांचं मराठी शुद्धलेखन तपासनीसाचं काम घ्या. लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये लाल रेघ मराठीतही उमटावी, ही त्यामागची धडपड.

हे स्टेडियम का? वापरणारे हजारो, मैदानात एकदोघं, म्हणजे हो. पण एघबाल यांच्या स्टेडियममध्ये प्रेक्षक आरडाओरडा करतात. तिथला सांभाळणारा तक्रारींच्या पुरात बुडतो. आपल्याकडे प्रेक्षक बोलतच नाहीत. प्लगइन मोडलं की मराठी माणूस तक्रार नोंदवत नाही. तो रोमन लिपीत मराठी लिहायला लागतो, लाल रेघ बंद करून टाकतो, नाहीतर वहीकडे परत जातो. बाईंनी फोन केला, कारण त्यांच्याकडे माझा नंबर होता. माझं प्लगइन आणखी काही ठिकाणी चालत होतं. तिथून एकही निरोप आला नाही. मोडलंय हे कळवायचं तरी कोणाला, आणि कुठल्या भाषेत? तक्रारीचा रकाना इंग्रजीत असतो.

तिथे पूर आहे, इथे दुष्काळ. दोन्हीत पीक जातं, पण उपाय एक नाही. पुरावर एघबाल यांचे उपाय योग्यच आहेत: दारं थोडी लावून घ्या, प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं बंधन मानू नका. मराठीतल्या एकट्या माणसाला हा सल्ला दिला तर तो म्हणेल, दार उघडंच आहे हो, कोणी येत नाही.

झीज की निर्णय?

माझा मुख्य आक्षेप मात्र पुढे आहे. सांभाळण्याचे खर्च मोजताना एघबाल काळाबरोबर साचत जाणारा एक खर्च वेगळा काढतात. आजूबाजूचं सॉफ्टवेअर बदलतं, आपण ज्याच्यावर टेकलोय ते सरकतं, म्हणून आपल्याला काहीही नवं करायचं नसलं तरी जागच्या जागी टिकण्यासाठी हात चालवत राहावं लागतं. वर्णन अचूक आहे. पण ते हवामानासारखं येतं. लोखंड गंजतं, लाकूड कुजतं, कोड जुना होतो. भांडीबाजारातून आणलेल्या पितळेच्या पातेल्याची कल्हई उडते, तसं.

कोड तसा उडत नाही. माझ्या तीनशे ओळींतलं एक अक्षरही त्या शनिवारी बदललेलं नव्हतं. बदल वर झाला होता, कोणीतरी केला होता, विचार करून केला होता.

जाहीर असलेली उदाहरणं बघू. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली. तिनं जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन एका दिवसात बंद केली. कारणं खरी होती: जुनी ॲड-ऑन ब्राउझरच्या पोटात हात घालायची, त्यामुळे वेग आणि सुरक्षितता दोन्ही अडत होतं. मोझिलानं २०१५च्या ऑगस्टमध्येच हे जाहीर करून दोन वर्षं दिली होती. पण दोन वर्षं कोणाला दिली? ज्याची नोकरीच तो तुकडा सांभाळण्याची आहे त्याला ती पुरली. रविवारी दुपारी आपल्या भाषेसाठी दोन तास काढणाऱ्याला सगळं नव्यानं लिहायचं होतं. वर्डप्रेसनं ६ डिसेंबर २०१८ ला, पाचव्या आवृत्तीत, लिहिण्याची चौकटच बदलली. जुन्या चौकटीला बांधलेल्या जोडण्यांपुढे तोच प्रश्न आला. आणि वर्डप्रेस तर जुन्याशी जुळवून घेण्याबद्दल नावाजलेलं. तिथल्या प्लगइनांच्या यादीत आणखी एक गोष्ट आहे. शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांशी तुम्ही आपला तुकडा तपासल्याचं नोंदवलं नाही, तर त्यावर इशारा लागतो, की हे कदाचित आता कोणी सांभाळत नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीनं हे रास्त आहे. पण तुकडा उत्तम चालत असला तरी इशारा लागतो. म्हणजे वरच्याच्या वेगानं चाललात तरच तुम्ही जिवंत.

काही वेळा तर सॉफ्टवेअरच्याही खाली, थेट अक्षरात बदल होतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत लोक 'अ' टंकून त्यावर चंद्र जोडत होते. २००९च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेतही 'ॲ' आणि 'ऑ' आले. डोळ्याला दोन्ही 'ॲ' सारखेच. संगणकाला मात्र एक अक्षर आणि दोन अक्षरं. शब्दयादीत एक रूप आणि लेखात दुसरं असलं, की बरोबर शब्दाखाली लाल रेघ येते. 'सुऱ्या'मधल्या अर्ध्या 'ऱ'चंही तसंच, तो लिहायचे दोन मार्ग आहेत. आमच्या वाचनालयात 'ॲ'नं सुरू होणारी पुस्तकं यादीत दोन ठिकाणी विभागली गेली होती. बाईंना वाटलं, आपलंच चुकलं.

हे सगळे निर्णय वाईट होते असं मी म्हणत नाही. 'ॲ'ला स्वतःची जागा मिळायलाच हवी होती. माझं म्हणणं इतकंच, की ते निर्णय होते, आणि त्यांचा खर्च निर्णय घेणाऱ्यांनी उचलला नाही. तो खाली वाहत गेला आणि जो सगळ्यात शेवटी, फुकट काम करत होता, त्याच्या दारात साचला. त्याला झीज म्हटलं की जबाबदार कोणीच राहत नाही.

फड

माझं आजोळ बागलाणातलं, मोसम खोऱ्यातलं. नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम, तिकडे धुळ्यात पांझरा, या नद्यांवर काही शतकं फड पद्धत चालली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि चाऱ्यांखालची जमीन मोठ्या तुकड्यांत, म्हणजे फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक, आणि कुठल्या फडात काय हे गावानं बसून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनी मिळून द्यायचा. आणि ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून पाटातला गाळ काढायचा. पाणी घ्यायचं तर गाळ काढायला यायचं; हक्क आणि काम एकाच दोरीत वळलेलं होतं. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला त्या पाण्यात वाटा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. फड म्हणजे रामराज्य नव्हे. पण देखभाल हा कोणा एकाचा छंद नव्हता.

आणि तरी फड मोडत गेले. ऑस्ट्रॉम वाचलेल्या माणसाला वाटेल, नियम सैल पडले, लोक आळशी झाले. गावात ऐकायला मिळतं ते वेगळं. वरच्या अंगाला धरणं झाली, मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर. पाणी केव्हा आणि किती येणार हे आता दुसरीकडे ठरू लागलं. विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याला परवडलं त्यानं आपली सोय केली. धरणांनी ज्यांना कधीच पाणी नव्हतं त्यांनाही दिलं, ते नाकारता येत नाही. पण ज्या पाटाला पाणी येईल याचाच भरवसा नाही त्यातला गाळ कोण काढणार? खालच्यांची शिस्त वरच्या निर्णयानं मोडली, आणि दोष मात्र शिस्तीवर आला.

सॉफ्टवेअरवाले मूळ प्रकल्पाला 'अपस्ट्रीम' म्हणतात, नदीची वरची बाजू. शब्द त्यांचाच आहे. पण त्याचा अर्थ खालच्या बाजूला राहणाऱ्याला जितका कळतो तितका वरच्याला कळत नसावा. खुद्द ऑस्ट्रॉम यांच्या तत्त्वांत हे आहे: सामायिक व्यवस्था टिकायची तर वरच्या सत्तांनी तिचा स्वतःचे नियम करायचा हक्क मानला पाहिजे, आणि मोठ्या व्यवस्थेच्या आत छोटी नीट बसवलेली पाहिजे. एघबाल ऑस्ट्रॉम यांच्याकडून कुरण घेतात, नदी घेत नाहीत. त्यांची नजर सांभाळणाऱ्याच्या टपालपेटीवर खिळलेली आहे. तो ज्या पाटावर बसलाय त्याच्या वरच्या टोकाकडे ती फारशी जात नाही.

वेगळं करता येतं याचे पुरावे आहेत. लिनक्सच्या गाभ्यात बाहेरच्या प्रोग्रामांसाठी लिनस टॉरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे: वापरणाऱ्याचं चालू असलेलं मोडायचं नाही. आतली रचना मात्र ते मनसोक्त बदलतात, पण अट अशी, की जो बदलेल त्यानंच मूळ झाडात असलेल्या सगळ्या ड्रायव्हरांत ती दुरुस्ती करून द्यायची. पाट वळवणाऱ्यानं चाऱ्याही जोडून द्यायच्या. विकिपीडियावरच्या टंकनाचंही असंच झालं. आधी एकेका भाषेतले स्वयंसेवक आपापले तुकडे सांभाळायचे. २०१२च्या सुमारास विकिमीडियानं ते एका सामायिक सांगाड्यात आणले. आता मराठी जाणणाऱ्यानं फक्त कुठल्या कळेला कुठलं अक्षर याची फाइल द्यायची. ब्राउझर बदलला तर सांगाडा सांभाळणं संस्थेकडे. भाषेचं ज्ञान खालच्याकडे, जुळवून घेण्याची मजुरी वरच्याकडे. मला ही वाटणी न्याय्य वाटते.

चांगलं मरण

यावर एक आक्षेप मीच घेतो. टंकनाची प्लगइनं मेली यात रडण्यासारखं काय आहे? आज फोनमध्ये मराठी कळफलक आयता येतो, बोललं तरी उमटतं. गरज संपली, तुकडा संपला. बरोबर आहे. गमभनसारख्या सुविधेचं काम दुसऱ्या कोणी उचललं असेल तर ते चांगलं मरण आहे; म्हाताऱ्या माणसानं नातवंडांच्या हातात घर देऊन जावं तसं.

पण प्रत्येक तुकडा तसा जात नाही. शुद्धलेखनाच्या तपासनीसाचंच बघा. हन्स्पेल हा त्याचा सांगाडा मुळात हंगेरियन भाषेसाठी केलेला, प्रत्ययांच्या दोन पायऱ्या उलगडणारा. मराठीत 'घरातल्यांनासुद्धा' असा शब्द सहज येतो, आणि तिथे दोन पायऱ्या अपुऱ्या पडतात. हे काम फोनच्या कळफलकानं उचललेलं नाही. वर्णक्रमाचं नाही, जुन्या फॉन्टांत अडकलेल्या मजकुराचंही नाही. हे तुकडे गरज संपून नाही, एकटे पडून जातात. दिलासा एवढाच, की हन्स्पेलची शब्दयादी आणि नियम साध्या मजकुराच्या फाइली असतात. कवच गेलं तरी त्या उरतात, आणि दुसरा कोणी त्या उचलू शकतो. माझ्या प्लगइनमध्ये वर्णक्रमाचे नियम आणि त्या सॉफ्टवेअरची जोडणी मी एकत्र कालवून ठेवली होती. म्हणून पाच महिने लागले. त्यातला आळस माझा, पण कालवण्याची चूकही माझीच.

आपल्याकडे सॉफ्टवेअरचं लोकार्पण होतं, फीत कापतात, नारळ फुटतो. तिसऱ्या वर्षी ते चालतंय का हे विचारायचा समारंभ नाही. वाचनालयांना, प्रकाशकांना, मराठीसाठी निधी वाटणाऱ्यांना मला इतकंच विचारायचंय: तुम्ही पाणी घेताय, गाळ काढायला तुमच्याकडून कोण येतंय? त्यासाठी कोड लिहिता यावा लागत नाही. नवी आवृत्ती आली की आधी एका कोपऱ्यात चालवून बघणं, काय मोडलं ते मराठीत दोन ओळींत कळवणं, ही गाळ काढायचीच कामं आहेत.

बाईंना मी हेच सांगितलं. आता अपडेट आलं की त्या आधी यादीच्या एका प्रतीवर ते चालवून बघतात, आणि ठरलेले दहा शब्द टंकतात. ते त्यांनीच निवडलेत; त्यात 'ॲ' आहे, अर्धा 'ऱ' आहे, 'ज्ञ' आहे. काही चुकलं तर वहीत तारीख घालून लिहितात आणि पानाचा फोटो मला पाठवतात. नियम मी वेगळ्या फाइलीत काढून ठेवलेत, आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीला ते समजावून दिलेत. मागच्या दुरुस्तीला मला दोन शनिवार लागले. तिनं बहुधा एकातच केली असती.